कप्पेदार जीवाश्मांचा अभ्याससंच: प्रतिकृती उत्तम, पुस्तिकेला मात्र घाई

कँब्रियनपूर्व काळातल्या कप्पेदार जीवाश्मांचा हा संच मी प्रात्यक्षिकांसाठी भरपूर वापरला आहे. आधीच सांगते, घ्यावा. पुराजीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी तर जरूर घ्यावा. अमोनाइटच्या नाहीतर डायनासोरच्या दातांच्या प्रतिकृती हव्या तितक्या मिळतात, पण 54 कोटी वर्षांच्या अलीकडे न येणारं काही मुलांच्या हातात द्यायचं म्हटलं की आजवर फोटोंवर भागवावं लागायचं. आणि या जीवाश्मांचा फोटो फार फसवा असतो. उजेड कुठल्या बाजूनं पडलाय यावर खड्ड्याचा उंचवटा होतो आणि उंचवट्याचा खड्डा. वस्तू हातात धरून फिरवता आली की निम्मं काम होतं.

डब्यात चार गोष्टी आहेत. पॅलिओपॅसिक्नस असलेल्या वाळूखडकाच्या लादीची रेझिनमधली प्रतिकृती, क्लाउडिना असलेल्या चुनखडकाचा पातळ छेद, नॅमाकॅलॅथसचं त्रिमितीय मॉडेल, आणि चौथा म्हणजे 'इओझून' नावानं गाजलेल्या खडकाचा घासून चकचकीत केलेला खरा तुकडा. हा चौथा जीवाश्म नाहीच. तो या संचात घालायचं ज्यांना सुचलं त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पहिल्या लादीवर. तळहाताएवढ्या पृष्ठभागावर कमानीसारखे वाकलेले अरुंद कप्पे एकापुढे एक लागलेले आहेत, भात्याच्या घड्यांसारखे. रांगेच्या एका टोकाला कप्पा जेमतेम 3 मिलिमीटर रुंद आहे, दुसऱ्या टोकाला 8 च्या आसपास. साचा फार काळजीपूर्वक घेतलाय. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली वाळूचे कणसुद्धा वेगवेगळे दिसतात, आणि दोन कप्प्यांमधली बारीक कड कुठेही बुजलेली नाही. स्वस्त प्रतिकृतींमध्ये नेमकी ही कडच गुळगुळीत होऊन जाते, आणि ती गेली की या जीवाश्मात बघण्यासारखं काही उरत नाही.

1976 मध्ये पालीय यांनी युक्रेनमधल्या नमुन्यांवरून पॅलिओपॅसिक्नसचं वर्णन केलं तेव्हा ही चिखलात चरत जाणाऱ्या एखाद्या प्राण्यानं मागे ठेवलेली खूण मानली गेली. त्या वेळी हाच अर्थ स्वाभाविक होता. एकामागून एक सारख्या अंतरावरच्या कमानी बघितल्या की डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे गाळ खात पुढे सरकणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण लादी टेबलावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरा. मग तीन गोष्टी दिसतात. कप्प्यांची रुंदी रांगेत वाढत जाते. रांग एका जागी फुटून तिच्या दोन होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक कप्पा दोन्ही टोकांना बंद आहे. चरणारा प्राणी वळतो तेव्हा त्याची चर वळणावर पुढच्या चरीला जोडलेली असते. इथे एकही जोड सापडत नाही. शिवाय एक प्राणी चालता चालता दोन होत नाही.

म्हणजे ही चालल्याची खूण नाही, हे जीवाचं शरीर आहे, कप्प्याला कप्पा जोडत वाढलेलं. 2018 मध्ये अँटोन कोलेस्निकोव्ह आणि सहकाऱ्यांनी सैबेरियातले नमुने कापून तपासले, तेव्हा कप्प्यांच्या भिंती गाळाचे कण चिकटवून बनवल्याचं दिसलं. आज खोल समुद्राच्या तळाशी झेनोफायोफोर नावाचे एकपेशीय जीव राहतात, त्यांतले काही हाताच्या मुठीएवढे होतात, तेही असेच आजूबाजूचे कण गोळा करून घर बांधतात. पॅलिओपॅसिक्नस त्यांचा नातेवाईक होता का, यावर वाद आहे. भिंतीची बांधणी मात्र त्या छेदांमधून समोर आली.

आणि इथेच या प्रतिकृतीची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. साचा फक्त पृष्ठभाग उचलतो. भिंत आतून कशी आहे, कण कसे रचलेत, हे रेझिन कधीच दाखवणार नाही. क्लाउडिनाचा जसा पातळ छेद दिलाय तसा याचाही द्यायला हवा होता. नाहीतर मुलांना सगळ्यात निर्णायक पुरावा ऐकूनच मानावा लागतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, ती रंगाची. कप्पे गडद तपकिरी आणि बाकीचा खडक फिकट रंगवलाय. दिसायला छान वाटतं, लांबूनही कळतं. पण रांग जिथे फुटते तिथे नीट बघा. रंग दोन वेगळे कप्पे दाखवतो. आडव्या उजेडात तिथला उंचसखलपणा पाहिला तर तो एकच रुंद कप्पा आहे, मधोमध किंचित दबलेला, आणि खरी फूट त्याच्या पुढच्या कप्प्यापासून सुरू होते. रांग कशी फुटते हा या जीवाच्या वाढीचा कळीचा प्रश्न आहे, आणि रंगवणाऱ्यानं कुंचल्याच्या एका फटक्यात त्याचा निकाल लावून टाकलाय. न रंगवलेली प्रतिकृती मागवता येते. मागितली तरच देतात. मी ती मागवली आणि तुम्हीही तीच मागवा असं आग्रहानं सांगेन.

लादीची कुठली बाजू खडकाच्या थराचा तळ होती तेही लिहिलेलं नाही. एक बाण कोरला असता तरी पुरलं असतं. हे नमुने पुष्कळदा वाळूखडकाच्या थराच्या खालच्या अंगाला मिळतात, त्यामुळे आपण साचा बघतोय की ठसा हे ठरल्याशिवाय वर्णनातलं पहिलं वाक्यसुद्धा लिहिता येत नाही.

क्लाउडिनाचा छेद उत्तम आहे. एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिलाय, पण कामाच्या भागापासून दूर. गर्म्स यांनी 1972 मध्ये नामिबियाच्या नामा खडकसमूहातून याचं वर्णन केलं आणि पुराजीवशास्त्रज्ञ प्रेस्टन क्लाउड यांच्यावरून नाव ठेवलं. कॅल्शियम कार्बोनेटची ही काही मिलिमीटर जाडीची नळी. पण ती सलग नाही, एकात एक बसलेल्या नरसाळ्यांची आहे. उभा काप गेला असेल तर एकात एक शिरलेले व्ही दिसतात. आडवा गेला असेल तर वर्तुळात वर्तुळ, पण केंद्र सारखं नाही, आतलं एका बाजूला सरकलेलं. तिरका काप मात्र थेट कप्पेदार शंखाचा भास करून देतो, आणि या काचेवर तसे दोन-तीन काप आहेत. दोन नरसाळ्यांच्या मधली जागा कॅल्साइटच्या स्वच्छ स्फटिकांनी भरलीय, म्हणून ती कप्प्यासारखी वाटते. नॉटिलस या कप्पेदार शंखाच्या समुद्री प्राण्यात असते तशी नळीला आरपार छेदणारी आडवी भिंत यात शोधा. नाही मिळणार. नेवाडातल्या क्लाउडिनासारख्या नळ्यांच्या आत पायराइट या लोहखनिजात रूपांतर झालेली, आतड्यासारखी सलग नळी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली, ती या रचनेशी जुळते. पुस्तिका क्लाउडिनाला सरळ 'बहुकप्पी' म्हणून मोकळी होते. हा शब्द इथे चुकीचा आहे, आणि शिकवण्याच्या साहित्यात तो यायला नको होता.

नॅमाकॅलॅथसबद्दल थोडक्यात. देठावर पेला, आणि पेल्याच्या बाजूला सहा-सात भोकं. 2000 मध्ये ग्रोट्झिंगर, वॉटर्स आणि नॉल यांनी हा जीव मांडला तो खडक थोडा थोडा घासत, प्रत्येक थराचा फोटो काढत आणि ते फोटो संगणकात एकावर एक रचत. कारण खडकात तो पूर्ण कधी दिसतच नाही, दिसतात ते त्याचे वेडेवाकडे काप. मॉडेल सुबक आहे, देठ नाजूक, जपून हाताळा. पण ते अखंड दिल्यामुळे खरी अडचण मुलांना जाणवतच नाही. दोन-तीन ठिकाणी कापून जोडता येईल असं दिलं असतं तर काप बघून मूळ आकार ओळखण्याचा सराव झाला असता.

आता इओझून. हिरव्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचा हा तुकडा सगळ्या मुलांना पहिल्यांदा सगळ्यात 'जीवाश्मासारखा' वाटतो, आणि त्यांचं काही चुकत नाही. 1865 मध्ये कॅनडाच्या शंभर कोटी वर्षांहून जुन्या खडकांतल्या अशाच नमुन्यांना भूवैज्ञानिक विल्यम डॉसन यांनी प्रचंड आकाराचा फोरामिनिफेरा, म्हणजे कवच बांधणारा एकपेशीय जीव, ठरवलं. पांढरं कॅल्साइट म्हणजे कवच, हिरवं सर्पेंटाइन हे खनिज म्हणजे कप्प्यांमध्ये नंतर भरलेलं द्रव्य. फोरामिनिफेराचे मोठे जाणकार कार्पेंटर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. डार्विन यांनी 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या 1866 च्या आवृत्तीत त्याची दखल घेतली. ही हुशार, मेहनती माणसं होती, भिंगाखाली तासन्‌तास बसणारी. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या किंग आणि रोनी यांनी लगेच हरकत घेतली की हे सगळं खनिजांचं काम आहे. 1894 मध्ये जॉन्स्टन-लेव्हिस आणि ग्रेगरी यांनी व्हेसुव्हियसजवळच्या मोंते सोम्मातून बाहेर फेकल्या गेलेल्या चुनखडकाच्या ढेकळांत हीच रचना दाखवली, तेव्हा जीवाश्म म्हणून फारसं काही उरलं नाही. उष्णतेनं भाजलेल्या चुनखडकात असे पट्टे आपोआप तयार होतात.

तुकडा इतका चांगला निवडलाय की हा सगळा वाद त्यावर बोट ठेवून शिकवता येतो. पांढऱ्या 'भिंतीची' जाडी मोजत जा. कुठेच ठरावीक नाही, दोन बोटांच्या अंतरात ती तिप्पट होते आणि मग विरून जाते. कप्पे सुरू कुठे होतात, संपतात कुठे, बाहेरची कड कुठली, काहीच सांगता येत नाही. आणि वरच्या डाव्या बाजूला रेशमी तंतूंची केसाएवढी शीर आहे, तिच्यावर भिंग धरा. क्रायसोटाइल या तंतुमय खनिजाचे असले तंतू डॉसन यांच्या बाजूनं कवचातल्या सूक्ष्म नळ्या म्हणून मांडले गेले होते. या तुकड्यात ती शीर हिरवा पट्टा ओलांडते, पांढरा ओलांडते आणि तशीच पुढे जाते. कवचातली नळी भिंत सोडून कप्प्यातून असा प्रवास करणार नाही. हे एकदा स्वतः पाहिलेल्या विद्यार्थ्याला मग पॅलिओपॅसिक्नसच्या लादीवर काय काय तपासायचं ते सांगावं लागत नाही. तो आपणच पट्टी काढून भिंतीची जाडी मोजायला लागतो.

पुस्तिकेवर मी नाराज आहे ती त्यामुळेच. प्रत्येक पानावर आधी ठळक अक्षरात नाव, मग वय, मग 'सर्वांत पहिला' वगैरे बिरुदं, आणि वर्णन तळाशी दोन ओळींत. कप्प्यांची संख्या, रांगेतला रुंदीचा बदल, दोन कप्प्यांत भिंत एकच की दोन, रांग फुटते का, नमुना थरात कुठल्या अंगाला होता, यातलं काहीही विचारलेलं नाही. नाव आधी वाचलं की डोळे तेच शोधतात. म्हणून मी पुस्तिका डब्यातून काढून ठेवते आणि वर्णन लिहून झाल्यावर देते. मोजपट्टी आणि टॉर्च संचात नाहीत, त्या आपल्या आपण ठेवाव्यात.

पुढच्या संचात एक भर नक्की घालावी, ती म्हणजे फुलदाणीच्या आकाराच्या सूक्ष्म जीवाश्मांची एखादी काच. ग्रँड कॅन्यनच्या चुआर खडकसमूहात ते मुबलक आहेत, सुमारे 73 ते 74 कोटी वर्षांपूर्वीचे, आणि सुसॅना पोर्टर व नॉल यांनी त्यांतले काही कवचधारी अमीबांचे असल्याचं दाखवलंय. कप्पा एकच, तोही मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण त्याला तोंड आहे, तोंडाला ठरलेली कड आहे, आणि नमुन्यामागून नमुना पाहिला तरी तोच आकार पुन्हा पुन्हा भेटतो. इओझूनच्या तुकड्यात नेमकं यातलंच काही नाही, आणि ही काच त्याच्या शेजारीच ठेवायला हवी.