आगोटीत बदललेली पन्हळ जूनमध्येच गळली, कारण...

कौलारू घर काटकोनात असेल तर दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, जिथे आत मिळतात, तिथली पन्हळ हीच ठेकेदाराची कमाईची जागा. या घरात मे महिन्यात नवी बसवली. बिलावर २४ गेजचा जस्ती पत्रा. आढ्यावरून दोन बादल्या ओतून ‘थेंब नाही बघा’ म्हणत पैसे घेतले. पहिल्याच मोठ्या सरीला वासा भिजून भिंतीवर ओघळ. फोनवर उत्तर: तुमची कौलंच जुनी.

कौलं उचलली तर पत्रा २८ गेजचा, म्हणजे ०.६३ ऐवजी ०.४ मिमी. हाताला फरक चटकन लागत नाही, काट्यावर लागतो: चौरस मीटरला ५ किलोच्या जागी जेमतेम ३. शिवाय चार फुटी पत्र्यातून दोनऐवजी तीन पट्ट्या काढलेल्या. सोळा इंची पट्टी पुरतच नाही. मधे १०० ते १२५ मिमी मोकळी वाट, दोन्हीकडून कौल किमान १५० मिमी पत्र्यावर, वर कडांची दुमड. हिशेब दीड फुटाच्या आत बसत नाही. मग वाट आवळून कापलेल्या कडा सिमेंटने लिंपल्या. आंब्याची चार पानं अडकली की पाणी तुंबून कौलाखाली शिरतं.

जाडी कमी म्हणून काही लगेच गळत नाही, पत्रा लवकर सडतो एवढंच. गळती झाली ती सांध्यांमुळे. कामाला सुरुवात वळचणीकडून करायची, वरचा तुकडा खालच्यावर १५० मिमी चढवायचा. इथे वरून खाली येत गेले, म्हणून खालचा तुकडा वर बसला आणि पाण्याला थेट तोंड मिळालं. त्यावर डांबर! ताजं असताना बादलीभर पाणी ते अडवतं; मेच्या उन्हात तडकलं की संपलं. कडा दुमडलेल्या नव्हत्या, त्यामुळे वाऱ्याने आडवं लोटलेलं पाणी पत्रा ओलांडून कौलांखालच्या लाकडी रिपांवर. खिळे तर पन्हळीच्या मधोमध ठोकलेले.

तेव्हा पत्रा बसवण्याआधी तोलून घ्या. सांधे आणि दुमडी कौलाखाली जाण्याआधी फोटो काढा. बादलीचं पाणी सरळ मधून वाहून जातं, कडांची परीक्षा होतच नाही. पाइप दोन्ही पाख्यांवर वळचणीकडून वर सरकवत अर्धा तास सोडा, माळ्यावर कुणीतरी टॉर्च घेऊन बसवा. आणि शेवटचा हप्ता मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, हे कामाआधीच लिहून घ्या.