भोपळ्याचे बियाणे उत्तम, पाकिटावरील माहिती अपुरी

या पाकिटातील लाल भोपळ्याच्या बियांची उगवण चांगली झाली आणि वेलही जोमाने पसरले; त्याबद्दल तक्रार नाही. काढणीविषयी मात्र पाकिटावर ‘१०० दिवस’ एवढेच छापले आहे, तेही पेरणीपासून की रोप लावल्यापासून, हे न सांगता. ऊन-पावसानुसार हा काळ मागेपुढे होत असल्याने फळाच्या खुणा देणे गरजेचे होते: सालीची चकाकी जाऊन ती निस्तेज होते, नख दाबले तरी रुतत नाही आणि देठ वाळून बुचासारखा खरबरीत होतो. देठ ८ ते १० सेंटीमीटर राखूनच फळ कापावे, हेही लिहायला हवे होते, कारण तो फळालगत तुटला की तिथूनच कूज शिरते. बियाणे पुन्हा नक्की घेईन.