कॅननेट क्यूएल १७ जी-थ्री: भिंगाला पैकीच्या पैकी, मीटर काठावर पास

कॅननने १९७२ साली आणलेला हा छोटा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायचा कॅमेरा) जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात अजून सहज सापडतो. त्याच्यासोबत ‘गरिबांची लायका’ हे टोपणनावही फिरत असतं. ते मनावर घेऊ नका. लायकाची भिंगं बदलता येतात, इथे ४० मिमी एफ १.७ (एफचा आकडा लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं) हे एकच भिंग कायमचं बसवलेलं आहे. पण ते खरोखर चांगलं आहे. एफ १.७ ला थोडं मऊ, एफ ४ च्या पुढे कोपऱ्यापर्यंत नीट. हे परीक्षण कृष्णधवल रोल घालून तो घरीच धुणाऱ्यांसाठी आहे, म्हणून कॅमेऱ्याइतकंच त्यातून निघणाऱ्या निगेटिव्हबद्दलही.

घेताना पहिली फसगत ठरलेली. बटण दाबलं तर दबत नाही, म्हणून कॅमेरा मेला असं समजून लोक परत ठेवतात. बहुतेक वेळा ॲपर्चरची (भिंगाचं तोंड लहान-मोठं करणारी) रिंग ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर असते आणि आत सेल नसतो. ऑटोमध्ये उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई लाल पट्ट्यात असली की शटर अडकावं अशी मुद्दाम केलेली रचना आहे. रिंग ‘ए’वरून काढून कुठल्याही आकड्यावर आणा. शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल नसतानाही १/४ ते १/५०० सेकंद आणि बी (बटण दाबून धरेपर्यंत उघडं), सगळं चालायला हवं.

मग मागचं झाकण उघडा, एफ १.७ आणि १/४ लावा, कॅमेरा उजेडाकडे धरून दाबा. पहिला दाब सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या वंगणाचं तेल शटरच्या पात्यांवर येतं आणि बरेच दिवस पडून असलेला कॅमेरा पहिल्या दोन-तीन वेळा अडखळतो, नंतर मोकळा होतो. विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो ते नंतरच्या दाबांवरून. पाती उघडीच राहिली किंवा रेंगाळत मिटली, तर उघडून साफ करावी लागणार हे धरूनच चाला. पुढून लायटरचं पेट्रोल सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने तेल पातळ होऊन पसरतं आणि पेट्रोल उडालं की पुन्हा पात्यांवरच बसतं. रिंग एफ १६ पर्यंत फिरवून ॲपर्चरची पातीही पाहून घ्या, तीही चिकटतात.

मागच्या झाकणाच्या खाचांतला फोम बहुतेक ठिकाणी विरघळून डांबरासारखा झालेला असतो. लाकडी काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो काढायचा. तुकडे शटरकडे जाऊ नयेत म्हणून कॅमेरा उपडा धरून काम करा. अरुंद खाचांत काळी लोकर दाबून बसवली तरी भागतं. बिजागरीच्या बाजूला मात्र फोमची पट्टीच हवी, गळती सर्वात जास्त तिथूनच होते.

रेंजफाइंडरचा पिवळा ठिपका फिकट असेल तर त्याच्या मध्यावर काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर चिकटवून पाहा. आजूबाजूचा उजेड कमी झाला की दुसरी प्रतिमा उठून दिसते. दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर फोकस अनंताला टेकवून दोन्ही प्रतिमा एकावर एक येतात का ते बघा. हे तपासणं हौसेचं नव्हे. सर्वात जवळच्या ०.८ मीटरवर एफ १.७ ला स्पष्ट येणाऱ्या भागाची खोली जेमतेम ४ सेंटिमीटर मिळते. ठिपका जरा सरकलेला असेल तर डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. उलट एफ ८ लावून ३ मीटरवर फोकस ठेवला, तर साधारण २ ते साडेपाच मीटरपर्यंत सगळं चालून जातं आणि ठिपक्याकडे बघायचीही गरज उरत नाही. चौकटीच्या रेषा फोकसबरोबर सरकतात, त्यामुळे जवळचे फोटो घेताना कुणाचं डोकं कापलं जात नाही.

आता मीटर. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे आणि तसे सेल आता बनत नाहीत. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की सुई नेहमीपेक्षा जास्त हलते. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, तो ॲपर्चर बारीक करतो आणि फिल्म उपाशी राहते. ४०० ची फिल्म असताना कॅमेऱ्यावर आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) २५० ला लावणं ही तात्पुरती डागडुजी. चूक सगळ्या उजेडात सारखी नसते आणि सेल उतरत जातो तशी तीही बदलते. कानाच्या यंत्रातला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल त्यापेक्षा बरा. १.४ व्होल्ट, संपेपर्यंत जवळपास स्थिर. तो लहान असतो, म्हणून भोवती रबरी रिंग लागते, आणि वरचं स्टिकर काढलं की वापरा अथवा ठेवा, काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत संपतो.

मीटरची खरी उणीव वेगळीच. रिंग ‘ए’वरून काढली की मीटर बंद. म्हणजे मीटर बघून हाताने बदल करू म्हटलं तर सोय नाही. अर्धं बटण दाबून मोजणी धरून ठेवता येते, तेवढीच पळवाट. म्हणून गुण काठावर पासचे.

यात फिल्म कुठली घालावी हे शटर ठरवतं. कडक उन्हात इल्फर्डच्या ४०० आयएसओच्या एचपी ५ प्लस फिल्मला १/५०० आणि एफ १६ लागतो, म्हणजे शटरही शेवटच्या टोकाला आणि ॲपर्चरही. एफ १.७ च्या भिंगाचे पैसे मोजून एफ १६ वर फोटो काढायचे, हा काही शहाणपणा नाही. १२५ च्या एफपी ४ प्लसला त्याच उन्हात १/५०० ला एफ ८ पुरतो. एचपी ५ ढगाळ दिवस, सावलीतल्या गल्ल्या आणि घरातल्या उजेडासाठी ठेवा. किंवा फिल्टर लावा: पिवळ्याने साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) जातो, नारिंगीने दोन. मीटरचा डोळा भिंगाच्या रिंगमध्येच असल्याने फिल्टर आपोआप हिशोबात येतो. गडद लाल फिल्टरला मात्र मीटरवर विसंबू नका. त्या डोळ्यातल्या उजेड मोजणाऱ्या सीडीएस सेलला (ही बॅटरी नव्हे) लाल उजेड अधिक दिसतो आणि निगेटिव्ह पातळ निघते. फिल्टरचा व्यास ४८ मिमी, थोडा आडनिडा. ४८ ते ४९ ची स्टेप-अप रिंग घेतलीत तर शोधाशोध वाचते.

रोल भरण्याची ‘क्विक लोड’ सोय नावाला जागते. फिल्मची जीभ लाल खुणेपर्यंत ओढायची, झाकण लावायचं, लिव्हर फिरवायची. तरीही रोल परत गुंडाळायची खुंटी फिरतेय का तेवढं पाहा. ती फिरत नसेल तर आत काहीच सरकत नाही.

धुण्यासाठी एचपी ५ आणि आयडी-११ डेव्हलपर ही जोडी या कॅमेऱ्याला शोभते. ३५ मिमीच्या एका रोलला पॅटरसनच्या टँकमध्ये २९० मिली द्रावण लागतं, म्हणून १५० मिली स्टॉक (न पातळ केलेलं मूळ द्रावण) आणि १५० मिली पाणी, म्हणजेच १+१. २० अंश सेल्सिअसला १+१ साठी १३ मिनिटं. पहिले १० सेकंद चार वेळा उलटंपालटं, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. दर वेळी टँक ओट्यावर आपटा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून निगेटिव्हवर गोल पारदर्शक ठिपके उरतात. पाणी गरम असेल तर वेळ दर अंशामागे साधारण दहा टक्क्यांनी घटवा: २४ अंशांना ९ मिनिटांच्या आसपास. स्टॉप बाथ १० सेकंद, रॅपिड फिक्सर १+४ (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी) दोन ते पाच मिनिटं. फिक्सर जुना असेल तर कापलेली जीभ त्यात बुडवा. ती स्वच्छ व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्या. प्लॅस्टिकचं रीळ हाडासारखं कोरडं हवं. ओलसर रीळावर फिल्म अडते, मग जोर लावताना मुडपते, आणि त्या जागी निगेटिव्हवर काळी चंद्रकोर उमटते.

रोल वाळला की आधी चित्रं बघू नका, कडेचे आकडे बघा. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे क्रमांक कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे ठसठशीत काळे आणि चित्रं पातळ असतील तर धुण्यात चूक नाही. मीटरने किंवा सेलने फसवलंय. आकडेच फिकट असतील तर डेव्हलपर कमी पडला, थंड होता किंवा मेलेला होता. फक्त १/४ आणि १/८ ची चित्रं गच्च काळी असतील तर शटर रेंगाळतंय. चित्राबाहेर, दात्यांच्या भोकांच्या पट्टीवरही काळपट ओघळ असेल तर फोममधून उजेड शिरलाय. भोकांपासून चित्राच्या आत जाणाऱ्या समांतर पट्ट्या मात्र टँक फार जोरात हलवल्याच्या. त्याचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. एवढं न बघता अनेकजण पातळ निगेटिव्ह दिसली की पुढचा रोल दोन मिनिटं जास्त धुतात. त्याने छापात आभाळ आणखी पांढरं होतं, सावल्या तशाच रिकाम्या राहतात. फिल्मवर जे पडलंच नाही ते डेव्हलपर उकरून काढू शकत नाही.

शंका असेल तिथे या कॅमेऱ्यात एक स्टॉप जास्तच द्या. एचपी ५ ते निमूट सोसते. एफपी ४ ला अर्धा पुरे. आणि कॅमेरा ठेवून देताना रिंग ‘ए’वरून काढा, भिंगाला झाकण लावा. नाहीतर मीटर पिशवीतही उजेड मोजत बसतो.