कणेरी मठाच्या म्युझियममधला लोहार चुकवू नका

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातलं सिद्धगिरी म्युझियम बरेच जण बघून आलेत, पण बहुतेकांचे फोटो बैलजोडी नाहीतर विहिरीजवळचे. सगळं जुनं गाव माणसाएवढ्या सिमेंटच्या पुतळ्यांत उभं केलंय, बारा बलुतेदार आहेत, आणि मी म्हणेन त्यातल्या लोहारापाशी जरा जास्त वेळ थांबा.

कारण बाकीच्यांची अवजारं कुठून आली? सुताराचा वाकस, चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, सगळ्याला लोखंड लागतंच की. पेरणीच्या आधी तर लोहाराकडे रांग असायची, नांगराचा झिजलेला फाळ भात्यावर लाल करायचा, ऐरणीवर ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं, म्हणजे तापलेला पाण्यात बुडवून कडक करायचा, पाणी जास्त झालं की फाळ दगडाला लागून तुटणार आणि कमी झालं की वाकणार, हे सगळं रंगावरून ओळखायचं. गाडीच्या चाकाला धाव (लोखंडी पट्टी) चढवायची म्हणजे सुतार पण सोबत पाहिजे, धाव घेराला मुद्दाम थोडी लहान करतात, शेणी रचून तापवली की फुगते, मग चाकावर घालून लगेच पाणी ओतायचं, आकसून अशी घट्ट बसते की खिळ्याची गरज नाही. पैसे रोखीत नाहीत, सुगीला खळ्यावर धान्य, तेच बलुतं. बलुत्याच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी, आणि सुतार लोहार थोरलीत, म्हणजे वाटा मोठा.

आता एक खटकतं. अशा जुन्या गावाला "स्वयंपूर्ण गाव" म्हणतात, ऐकायला छान वाटतं पण गावात मीठ पिकत नव्हतं आणि लोखंड पण नाही. सह्याद्रीत धावड लोक दगडातून लोखंड काढायचे, पुढे विलायती स्वस्त लोखंड आलं आणि त्यांच्या भट्ट्या बसल्या. शिवाय बलुतं जातीला बांधलेलं, लोहाराच्या पोराला दुसरं काही करायची मुभा कुठे होती? पुतळ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून हे कळत नाही, पोरांना आपणच सांगायला लागतं.

आणि हो, पुतळा असल्यामुळे घणाचा आवाज नाही, धग नाही, त्यासाठी एक स्टार कमी. सगळं उघड्यावर आहे त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच जा. घरात कुणी नांगर धरलेलं म्हातारं माणूस असेल तर न्याच, गाईडची गरज पडणार नाही.