मणक्याच्या मोफत तपासणीला माझे ४९,६८० रुपये लागले

आकडा आधीच सांगते. ५,००० रुपये जागेवर जीपेने, ४३,५०० रुपयांचं कर्ज आणि त्या कर्जाची प्रोसेसिंग फी जीएसटीसकट १,१८०. बदल्यात काय मिळालं? कंबरेला चार पॅड लावून मुंग्या आणणारं मशीन, तेही जेमतेम महिनाभर. मग शिबिर भरवणाऱ्या सेंटरला कुलूप, फोन बंद. ३,६२५ चा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता कापला जातोय.

शिबिरांचा खेळ तुम्हाला माहीत आहे, मलाही होता. सोसायटीचा हॉल, चहा-बिस्किटं, पांढरे कोट, ७२,००० चं पॅकेज 'फक्त आज' ४८,५०० ला. माझ्या हातात एक दांडी धरायला दिली आणि मिनिटभरात 'क्वांटम' मशीनचा रंगीत रिपोर्ट बाहेर आला. मणक्याच्या नसा ७० टक्के दबलेल्या. त्याच पानावर वरच्या ओळीत लिहिलं होतं, पित्ताशय उत्तम.

माझं पित्ताशय २०१६ साली काढलंय!

मी तसं बोललेही. त्या मुलीने पापणी न हलवता सांगितलं, "काकू, मशीन ऊर्जा मोजतं, अवयव नाही." आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या आणि मी गप्प बसले. नसलेल्या पित्ताशयाला शाबासकी देणारं मशीन माझ्या मणक्याबद्दल काय डोंबल सांगणार? हे घरी येऊन भांडी घासताना सुचलं, तोवर ओटीपी देऊन झाला होता. आणि तो ओटीपी कशाचा, तर म्हणे "पॅकेज रजिस्ट्रेशनचा". कर्जाचा शब्दही नाही. कुणाच्या टॅबवर ओटीपी सांगण्याआधी आलेला मेसेज स्वतः वाचा, चष्मा नसेल तर उद्या या म्हणावं.

"शिकलेली बाई असून?" हे विचारून झालंय सगळ्यांचं. विचारणाऱ्यांनी कंबरेतल्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांमधली गादी सरकलेली असताना डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने जाऊन दाखवावं. रात्री कूस बदलली की टाचेपर्यंत कळ जाते. गोळ्यांनी पोट जळतं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नको, व्यायाम करा. कोणता, किती, दुखलं तर थांबायचं की रेटायचं, हे सांगायला ओपीडीत वेळ कुणाला आहे? दुखणं दिसत नाही, म्हणून घरात ते नाटक ठरतं. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी माझं सगळं ऐकून घेतलं.

आता जिच्याकडे जाते त्या फिजिओने पहिल्याच दिवशी पाय सरळ उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर-चवड्यांवर चालवलं, एमआरआय वाचला. सेंटरमध्ये यातलं काही म्हणजे काही झालं नव्हतं. आणि ते 'जर्मन टेक्नॉलॉजी' मशीन? साधं आयएफटी, म्हणजे सौम्य विजेच्या प्रवाहाने दुखणं कमी करणारं यंत्र, जे हिच्याकडेही आहे, २५० रुपयांत. तीही ते क्वचितच लावते, व्यायामच जास्त करून घेते. नुसत्या मशीनवर झोपवून बरं करतो म्हणणाऱ्याकडून उठून या. फिजिओथेरपीची बीपीटीएच पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक, दोन्ही मागा. खरा फिजिओ असेल तर त्याला राग येणार नाही. सेंटरच्या भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये जे 'सरकारमान्य' लटकत होतं ते गुमास्ता, म्हणजे दुकान-नोंदणीचा कागद निघालं. थोडेच कामगार असले की ऑनलाइन माहिती भरून त्याची पावती कुणालाही मिळते, वडापाववाल्यालाही!

पोलीस चौकीत साहेबांनी पावती उलटसुलट केली. त्यावर उपचार हा शब्दच नाही, 'वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल' आहे. "मॅडम, ही दिवाणी बाब." म्हटलं, साहेब, हे लोक इथून पळून गेलेत. "कशावरून पळाले? दुसरीकडे सुरू केलं असेल." बरोबर, तेच तर सांगतेय! अर्जावर पोच मागितली तर "शिक्का आतल्या साहेबांकडे". पालिकेच्या आरोग्य विभागात समजलं, खाटा नाहीत म्हणजे नर्सिंग होम नाही, म्हणजे त्यांच्याकडे नोंद नाही, म्हणजे कारवाई नाही. उद्या कुणी उभ्याउभ्या माणसांची हाडं मोडली तरी खाट नाही म्हणून सोडणार का? कंबर धरून दोन मजले चढले होते मी हे ऐकायला. लिफ्ट बंद, बसायला बाकडं नाही, आणि काउंटरवरचा म्हणतो, "एवढं दुखतंय तर घरच्यांना पाठवायचं ना." कर्ज देणाऱ्या कंपनीचं उत्तर तर पाठच झालंय, आम्ही पैसे सेंटरला दिले, सेवेचा वाद तुमचा तुम्ही मिटवा. हप्ता थांबवला तर सिबिल खराब होईल, ही धमकी मात्र गोड आवाजात.

हेच लोक मला आधी सांगू शकले असते, पण कुणी सांगितलं नाही की ॲपवरून दिलेल्या कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरायचं. किती दिवस ते कर्जाच्या कागदात असतं. घेतलंच असेल तर आज रात्री बघा, उद्या नको.

मी जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सारखीच तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्रही जाता येतं. त्या शिबिरातल्या तिघी तयार आहेत, चौथीचा नवरा म्हणतो लोक हसतील. हसू देत. पावती, बँकेचं स्टेटमेंट, ओटीपीचा मेसेज यातलं काही डिलीट करू नका आणि तो रंगीत रिपोर्ट रद्दीत घालू नका. माझा मी लॅमिनेट करून घेतलाय, सोबत २०१६ चं डिस्चार्ज कार्ड जोडणार आहे.