जुनी नाणी घ्यायचीत: ईबेवर बोली लावायची की आपल्याकडच्या ऑक्शन हाऊसमध्ये?

ज्यांना नाण्यांचा नाद लागलाय आणि आता दुकानदाराच्या डब्यातून उचलण्यापेक्षा ऑनलाइन लिलावात उतरायचंय त्यांच्यासाठी हे. रस्ते मुख्यतः दोन. एक ईबे डॉट कॉम (ईबे इंडिया २०१८ मध्येच बंद झालं, आता बाहेरच्या साइटवरूनच घ्यावं लागतं). दुसरा आपल्याकडची ऑक्शन हाऊसेस, म्हणजे मुंबईचं टोडीवाला, अहमदाबादचं क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूचं मरुधर आर्ट्स वगैरे. सगळे पहिलं विचारतात स्वस्त कुठे पडेल, पण माझं म्हणणं आधी लिलाव संपतो कसा ते बघा, कारण बोली कशी लावायची ते सगळं तिथेच ठरतं.

ईबेवर तुम्ही टाकता तो आकडा म्हणजे तुमची बोली नव्हे, ती तुमची कमाल मर्यादा, आणि ती बाकी बोली लावणाऱ्यांना दिसत नाही. समजा १९३८ चा जॉर्ज सहाव्याचा रुपया ५ डॉलरपासून सुरू आहे आणि तुम्ही ४० टाकले, तरी भाव ५ च दिसणार. मग कोणीतरी २७ टाकतो की सिस्टीम तुमच्या वतीने २८ करते, कारण २५ ते १०० च्या पट्ट्यात एका वेळी १ डॉलर वाढतो. त्या बिचाऱ्याला लगेच मेसेज, तुम्ही मागे पडलात. तो चिडून ३० टाकतो, परत मागे, ३५ टाकतो, परत मागे, आणि तुम्ही इकडे मस्त झोपलेले. पुढे कोणी आलंच नाही तर रुपया तुम्हाला ३६ ला मिळतो, ४० ला नाही. दोघांनी बरोब्बर ४० टाकले तर ज्याने आधी टाकले त्याचा. म्हणून मुरलेले लोक ४१.३७ असले विचित्र आकडे टाकतात, बाकीचे बहुतेक गोल आकड्यावर अडकलेले असतात ना.

आणि ईबेचं घड्याळ ठरलेल्या सेकंदाला थांबतं म्हणजे थांबतं, शेवटी कितीही बोल्या आल्या तरी वेळ वाढत नाही. मग शेवटच्या पाच-दहा सेकंदांत झुंबड, याला स्नायपिंग म्हणतात आणि ते नियमात बसतं. २००० च्या सुमारास अ‍ॅमेझॉनही लिलाव चालवायचं, तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकायची. आल्विन रॉथ आणि आक्सेल ऑकनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडचे लिलाव तपासून २००२ मध्ये दाखवलं की शेवटच्या क्षणाची गर्दी ईबेवर कितीतरी जास्त होते. साहजिकच आहे, लवकर बोली लावली की समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. तेव्हा ईबेवर तुमचा खरा कमाल आकडा एकदाच टाका आणि शक्यतो अगदी शेवटी टाका. अमेरिकेतल्या विक्रेत्याचा लिलाव बऱ्याचदा तिकडे रात्री संपतो, म्हणजे आपली सकाळची डबा भरायची घाई चालू असताना, तेवढी तयारी ठेवा.

आपल्याकडच्या लाइव्ह लिलावात ही शेवटच्या सेकंदाची युक्ती चालत नाही. हॉलमधले, फोनवरचे, ऑनलाइन असलेले सगळे एकत्र असतात आणि कोणी वाढवतोय तोपर्यंत लॉट (लिलावाला काढलेलं नाणं किंवा नाण्यांचा गट) चालूच राहतो, हातोडा पडला की संपलं. टपून बसण्यात काही अर्थ नाही. जागेवर थांबणं जमत नसेल तर आधीच कमाल आकडा कळवून ठेवता येतो, मग हाऊस तुमच्या वतीने बोली लावतं. लाइव्ह बसलात तर खरी अडचण दुसरीच. साडेसात हजारावर आलात की आठ हजार अगदी जवळ वाटतात, मग साडेआठ, आणि प्रत्येक वेळी मनात फक्त पाचशेच तर वाढतायत. त्यात हातोड्याची किंमत ही तुमची किंमत नसतेच, वर बायर्स प्रीमियम (हाऊस खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन) आणि जीएसटी लागतो. प्रीमियम समजा १५ टक्के धरला तर १० हजाराचा लॉट कर धरायच्या आधीच साडेअकरा हजारांचा झाला. खिशात सगळं मिळून दहाच असतील तर आठच्या आसपास हात खाली. हे दर प्रत्येक हाऊसचे वेगळे, कॅटलॉगच्या मागच्या पानांवर असतात, कोणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

ईबेवर प्रीमियमची भानगड नाही, पण शिपिंग, कस्टम आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरलं तर २० डॉलरचं साधं नाणं घेण्यात काही राम नाही.

खऱ्या-खोट्याचं बोलायचं तर शिवराईसारख्या मालासाठी मी डोळे झाकून ऑक्शन हाऊस म्हणेन, कारण तिथे लॉट आधी हातात घेऊन बघता येतात. ईबेवर १८१८ साल टाकलेली, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली रामदरबाराची नाणी ढिगाने दिसतील, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ, म्हणून त्याच्याही नकला फिरतात. एनजीसी किंवा पीसीजीएस (नाणं तपासून, दर्जा म्हणजे ग्रेड ठरवून डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या) यांच्या डबीतलं नाणं असेल तर सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा. ब्रिटिश काळातली, परदेशी संग्रहातून बाहेर पडलेली ग्रेडेड नाणी मात्र ईबेवर खरंच चांगली मिळतात.

परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट बोली लावायच्या आधीच बघावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं खाजगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे न्यू जर्सीत बसून मुंबईच्या लिलावात राणीछाप रुपया जिंकलात तर तो इथेच कोणा नातेवाईकाच्या कपाटात राहणार, जॉर्ज सहाव्याच्या रुपयाला हे बंधन अजून लागू नाही. तुमचं कपाट तिकडे असेल तर जुन्या मालासाठी ईबे किंवा लंडन-न्यूयॉर्कचे लिलाव एवढाच पर्याय उरतो, आणि तिथेही विक्रेता भारतातूनच पाठवणार असेल तर तो लॉट सोडून द्या.