महिन्यात दहा किलो: कुडाळकडच्या एका ‘फ्री चेकअप’चा हिशोब

महिन्यात दहा किलो वजन उतरवून देतो, असं कुणी सांगितलं की आधी पेन आणि कागद घ्या. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दहा किलोच्या झाल्या ७७,०००. तीस दिवसांत एवढी तूट पाडायची तर रोज २,५६७ कॅलरी कमी पडायला हव्यात. ज्या ताईंना हे वचन दिलं गेलं, त्यांच्या शरीराचा दिवसाचा सगळा खर्चच १,७७५ च्या आसपास आहे. त्या महिनाभर पाण्यावर राहिल्या असत्या तरी सात किलोच्या वर चरबी उतरली नसती. त्यांच्याकडून १३,२०० रुपये घेणाऱ्यांनी हे गणित एकदाही मांडलं नाही.

ताई कुडाळकडच्या. नाव देत नाही. वय ३८, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, घरकाम आणि थोडं परसातलं काम. चतुर्थी आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की गावोगावी ‘मोफत बॉडी चेकअप’चे फलक लागतात. हा या धंद्याचा हंगाम. मोदक, घावन आणि गोडाधोडाने वजन दोनेक किलो वर गेलेलं असतं. त्यातलं बरंचसं पाणी असतं आणि नेहमीच्या जेवणावर आठवड्याभरात आपोआप उतरतं, पण ते श्रेय घ्यायला माणूस फलकाखाली तयार बसलेला असतो.

फसवणूक तिथल्या यंत्रापासून सुरू होते. पायाखाली धातूच्या पट्ट्या, हातात दांडा, आणि मिनिटभरात छापील कागद. यंत्र अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं आणि तिला होणारा अडथळा मोजतं. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून कष्टाने. त्या एका आकड्यात तुमचं वय, उंची, वजन आणि बाई की पुरुष हे घालून बाकी सगळं सूत्राने काढलं जातं. चरबीचा टक्का हा त्यामुळे अंदाजच असतो. आपल्याकडच्या दमट हवेत घाम गाळून, पाणी न पिता आलात तर चरबी जास्त दिसू शकते. ‘मेटाबॉलिक वय’ तर मोजलेलं नसतंच. “ताई, तुमचं वय ३८, पण शरीर ५४ चं झालंय,” हे वाक्य ऐकून ताईंच्या पोटात गोळा आला. त्या आकड्याला वैद्यकीय निदान म्हणून काहीही किंमत नाही.

पहिली मोजणी झाली संध्याकाळी साडेसहाला. जेवण, दोन चहा, अंगावर साडी. काट्यावर ६९.४. मग १,२०० रुपयांचं तीन दिवसांचं ‘ट्रायल’. दुसरी मोजणी सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी, शौचाला जाऊन, गाऊनवर. काट्यावर ६८. “बघा, तीन दिवसांत १.४ किलो!” अन्न, पाणी, कपडे आणि वेळ यांनी एकाच माणसाचं वजन एका दिवसात एक-दीड किलो हलतं. त्या तीन दिवसांत चरबी किती गेली हे या दोन आकड्यांवरून सांगताच येत नाही. वजनाची तुलना करायची तर तोच काटा, तीच फरशी, तीच वेळ, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी. कुणी दोन वेगळ्या वेळांचे आकडे शेजारी ठेवून दाखवत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

पुढचं पॅकेज ८,४०० रुपयांचं: पावडरचे ५०० ग्रॅमचे तीन डबे, प्रत्येकी २,८००. एक माप २५ ग्रॅमचं, म्हणजे डब्यात वीस मापं आणि एक ग्लास १४० रुपयांना. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: एका मापात ९० कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिनं. साधारण तेवढीच प्रथिनं दीड अंड्यात किंवा ४० ग्रॅम कुळथात मिळतात. डब्यावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक होता आणि तो मोठ्या विश्वासाने दाखवला गेला. तो क्रमांक एवढंच सांगतो की खाद्यपदार्थाचा व्यवसाय नोंदलेला आहे. वजन उतरण्याची हमी त्यात कुठेही नसते.

सकाळी आणि रात्री एकेक ग्लास पाण्यातून, दुपारी ‘हलकं’ जेवण. कागदावर लक्ष्य लिहिलं होतं ८०० कॅलरी. तेच लक्ष्य ताईंच्या ग्रुपमधल्या साठीच्या काकूंना आणि रापणीवर जाळं ओढणाऱ्या पंचविशीच्या मुलाला. सर्वांना एकच आकडा मिळाला, तर तो कुणासाठीच काढलेला नाही असं धरून चाला. ८०० किंवा त्याहून कमी कॅलरींचा आहार वैद्यकशास्त्रात आहे, पण तो ठरावीक रुग्णांना, ठरावीक मुदतीसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासण्या करत देतात. रस्त्यावरच्या गाळ्यात बसून कागदावर लिहून द्यायची ही गोष्ट नव्हे.

पहिल्या आठवड्यात २.६ किलो उतरलं. या आठवड्यावरच सगळा धंदा उभा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. भात-भाकरी एकदम तोडली की ही साखर वापरली जाते आणि तिचं पाणी लघवीवाटे जातं. शिवाय आमटी, लोणचं, सुकट कमी झाल्याने मीठ घटतं आणि आणखी पाणी जातं. काटा भराभर खाली येतो, फोटो काढले जातात, ग्रुपवर टाळ्या पडतात. नेमक्या याच दिवसांत पुढच्या महिन्याचे पैसे मागितले जातात.

तिसऱ्या आठवड्यात काटा अडला. पाणी जाऊन झालं होतं, आणि एवढ्या कमी खाण्यावर शरीरही खर्च आवरतं: माणूस कमी हलतो, थंडी वाजते, दुपारी आडवं व्हावंसं वाटतं. “तुम्ही चोरून खाताय,” असं सर्वांसमोर म्हटलं गेलं आणि उपाय म्हणून ३,६०० रुपयांत ‘फॅट बर्नर’ गोळ्या आणि ‘डिटॉक्स’ चहा गळ्यात मारला. चहात सोनामुखी होती. सोनामुखी हे जुलाबाचं औषध आहे. ती मोठ्या आतड्यावर काम करते आणि कॅलरी बहुतेक त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. जातं ते पाणी आणि त्यासोबत पोटॅशियम. गोळ्यांच्या डबीवर घटकांची यादीच नव्हती. भूक मारणारं सिब्युट्रामिन हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारतात बंद झालेलं आहे, आणि ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या गोळ्यांत ते लपवून घातलेलं वेगवेगळ्या देशांत सापडलेलं आहे. यादी नसलेली गोळी तोंडात घालू नका.

सासूबाई रोज विचारत होत्या, “गो, उपाशी कित्याक रवतंस?” घरात खरा प्रश्न तेवढा एकच विचारला जात होता. सहाव्या आठवड्यात वजन ६३.५ होतं. पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पाळी दहा दिवस लांबलेली, आणि पुढे केस मुठीने गळू लागले. केसांचं हे गळणं उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी दिसतं, त्यामुळे बाई त्याचा दोष पाण्याला नाहीतर शाम्पूला देते. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचाही धोका वाढतो. प्रथिनं कमी पडल्याने गेलेल्या किलोंत स्नायूही जातात आणि स्नायू गेले की रोजचा खर्च थोडा घटतो.

आता ताईंचं लक्ष्य खरं किती असायला हवं होतं ते बघू. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० मधलं सूत्र यासाठी जगभर वापरलं जातं. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५. यातून बाईसाठी १६१ वजा करायचे, पुरुषासाठी ५ मिळवायचे. ताईंचे: ६८० अधिक ९६२.५, उणे १९०, उणे १६१, म्हणजे सुमारे १,२९०. हा नुसतं पडून राहिलं तरी लागणारा खर्च. त्याला हालचालीने गुणायचं: बसून काम असेल तर १.२, हलकी हालचाल १.३७५, मध्यम कष्ट १.५५, दिवसभर होडीवर किंवा कलमांच्या बागेत अंगमेहनत असेल तर १.७२५. इथे लोक स्वतःला एक पायरी वर चढवतात आणि मग ‘उतरत का नाही’ म्हणतात. ताईंना १.३७५ लागू. आले सुमारे १,७७५.

यातून ३०० ते ५०० वजा करा, जास्त नाही. ताईंसाठी ४५० धरले तर लक्ष्य १,३२५. आठवड्याची तूट ३,१५०, म्हणजे ०.४ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही आठवड्याला अर्धा किलो ही सुरक्षित गती मानली आहे. सर्वसाधारण नियम असा की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने १,२०० च्या आणि पुरुषाने १,५०० च्या खाली जाऊ नये. वजन पाचेक किलो उतरलं की पुन्हा हिशोब करा: ६२ किलोवर ताईंचा खर्च सुमारे १,६९० वर येतो, म्हणून जुनंच लक्ष्य ठेवलं तर गती मंदावते. त्यात कुणाची चोरी नसते. सूत्रही शेवटी अंदाजच. तीन-चार आठवडे रोज सकाळी वजन लिहा, आठवड्याची सरासरी काढा आणि त्यावरून शंभरेक कॅलरी इकडे-तिकडे करा.

हे लक्ष्य घरच्याच पानात बसतं. सकाळी एक घावन आणि दोन उकडलेली अंडी, २६०. दुपारी ६० ग्रॅम कच्च्या उकड्या तांदळाचा भात, काट्याविना १२० ग्रॅम भरतील एवढे दोन लहान बांगडे, कालवणात १५ ग्रॅम खोबरं, एक चमचा तेल, आणि वेगळी पालेभाजी, ५६५. रात्री ५० ग्रॅम पिठाची तांदळाची भाकरी, ३० ग्रॅम कुळथाची उसळ, भाजी, ३६०. एकेक चमचा साखरेचे दोन चहा १००, एक फळ ६०. बेरीज १,३४५, प्रथिनं ५८ ग्रॅमच्या आसपास. ताईंना किलोमागे ०.८३ प्रमाणे निदान ५६ लागतात. ८०० च्या कागदावर ती चाळिशीही गाठत नव्हती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा बांगड्याच्या जागी अंडी, कुळीथ, मूग, ताक.

हिशोब चुकतो तो भातात नव्हे, खोबऱ्यात आणि काजूत. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. अर्धी कवड वाटणात आणि उरलेली सोलकढीत गेली की दुपारचं पान दुप्पट होतं. तीस ग्रॅम काजू म्हणजे १६५. खोबरं सोडायची गरज नाही, पण आठवडाभर तरी ते काट्यावर मोजून घाला; नजरेचा अंदाज बराच चुकतो. आणि तांदूळ कच्चा मोजा. शिजलेल्या भातात पाणी किती मुरलं यावर आकडा बदलतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं तोडू नये. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, किडनीचे रुग्ण, खाण्याच्या विकारातून गेलेली माणसं यांनी या सूत्राच्या वाटेलाच जाऊ नये. “गोळ्या बंद करा, पावडर पुरे,” असं म्हणणाऱ्याकडून तिथूनच माघारी फिरा.

पैसे गेले असतील तर पुरावे आजच गोळा करा: यूपीआयचे स्क्रीनशॉट, ग्रुपवरचे संदेश, मशीनचे कागद, डब्यांचे चारही बाजूंचे फोटो. ग्रुपमधून काढून टाकण्याआधी हे करा. ताईंचे पैसे कुणाच्या तरी खासगी नंबरवर गेले आणि बिल मिळालं नाही. बिल नसलं तरी बँकेची नोंद चालते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि ती ऑनलाइनही दाखल होते. डब्यातल्या मालाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात औषधाच्या नावाने करणं १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली मना आहे, म्हणून फलकाचाही फोटो ठेवा. “तुम्हीच कोच व्हा, दोन माणसं आणा, पैसे वसूल होतील,” असं सांगितलं गेलं असेल तर तोही संदेश जपा. माणसं जोडण्यावर पैसे देणारी साखळी चालवायला २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी केली आहे.

अशी उपासमार सोडताना एकदम भरल्या पानावर येऊ नका. दर आठवड्याला रोजच्या खाण्यात १०० ते १५० कॅलरी वाढवत लक्ष्यापर्यंत या, आधी अंडं-मासा-कडधान्य, मग भात. पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलो वर जाईल. भाताबरोबर परत येणारं ते ग्लायकोजेनचं पाणी आहे. ताईंचंही तसंच झालं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, “सोडलंत ना, बघा वाढलं. पुढच्या महिन्याचं पॅकेज ठेवू का?”